मारुती ८०० साठी मोटर: फोर्कलिफ्टची, रिवाइंड केलेली की नवं किट?

विद्युत्_रथ

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, कार्ब्युरेटरची, चार गिअरची. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी उतरवली आहे, गिअरबॉक्स आणि क्लच जागेवर आहेत. गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची नाही. सातारा भागात शेत ते रोपवाटिका असा खाजगी रस्ता आहे, त्यात अर्ध्या किलोमीटरचा साधारण १० टक्क्यांचा चढ. वेग ताशी ६० च्या वर नको. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), ७२ व्होल्ट बांधायचा विचार आहे.

मोटरचे पर्याय:
अ) भोसरीत मिळणारी फोर्कलिफ्टची जुनी ४८ व्होल्ट डीसी, प्लेटवर ५ किलोवॅट.
आ) ७.५ किलोवॅटची साधी थ्री-फेज मोटर घेऊन रिवाइंड करणं (तांब्याचे जुने वेढे काढून नवे घालणं).
इ) परदेशातून १० किलोवॅटचं बीएलडीसी (बिनब्रशच्या, चुंबकाच्या मोटरीचं) किट.

मूळ इंजिन ३७ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे २७ किलोवॅट. मग ५ किंवा १० किलोवॅटवर गाडी चढ चढेल का? आणि तिन्हींपैकी काय घ्यावं?

मेगर_५००

अश्वशक्ती आधी बाजूला ठेवा. इंजिनाचा तो आकडा एकदम वरच्या आरपीएमचा आहे आणि गाडी तिथे क्वचितच चालते. सपाटीवर सतत किती लागतं आणि चढावर किती मिनिटं किती लागतं, एवढंच काढायचं.

बॅटरी आणि तीन माणसं धरून वजन ९५० किलो घेऊ. टायर १४५/७० आर १२, म्हणजे चाकाची त्रिज्या साधारण २५ सेंटिमीटर.

सपाट डांबरी रस्ता, ताशी ६०: टायरचा रोध सुमारे १२० न्यूटन, हवेचा जवळपास तेवढाच. मिळून २४०. वेग सेकंदाला १६.७ मीटर. गुणाकार ४ किलोवॅट. गिअरबॉक्समधला तोटा धरून शाफ्टवर साडेचार, बॅटरीकडून सव्वापाच. मुरमाचा रस्ता असेल तर टायरचा रोध दुप्पट-तिप्पट धरा. पण तिथे तुम्ही ६० ने जाणार नाही, त्यामुळे किलोवॅट फारसे वाढत नाहीत.

१० टक्के चढ, ताशी ३०: चढाचे ९३०, टायरचे १२०, हवेचे ३०. एकूण १०८० न्यूटन, गुणिले ८.३ म्हणजे चाकावर ९ आणि शाफ्टवर १० किलोवॅट.

आता टॉर्क. १०८० न्यूटन गुणिले ०.२५४ मीटर म्हणजे चाकावर २७५ न्यूटन-मीटर. या गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गिअरचा रेशो साधारण २.१७ आणि फायनल (डिफरन्शिअलचा) ४.३५, म्हणजे एकूण ९.४. तोटा धरून मोटरच्या शाफ्टवर ३३ न्यूटन-मीटर हवेत, आणि ताशी ३० ला मोटर ३००० आरपीएमवर असेल. तिसऱ्या गिअरमध्ये (एकूण ५.८) त्याच चढाला ५३ लागतील. म्हणून गिअरबॉक्स काढायचा विचार करू नका. तो काढून मोटर थेट डिफरन्शिअलला लावली तर याच चढाला सत्तर न्यूटन-मीटर लागतील. मोटर दुप्पट मोठी होईल, आणि बॅटरीतून तिला करंट मोजून देणारा कंट्रोलरही.

रेशो माझ्या आकड्यांवर विसंबून घेऊ नका, मोजा. एक पुढचं चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. गिअर टाका आणि जॅकवरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. इनपुट शाफ्ट जेवढे फेरे फिरेल तो एकूण रेशो. दोनच फेरे का, तर एक चाक अडवलेलं असताना डिफरन्शिअलच्या एका फेऱ्याला मोकळं चाक दोन फेरे घेतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अर्धा किलोमीटर ताशी ३० ने म्हणजे एक मिनिट. ५ किलोवॅट सतत देणारी मोटर एक मिनिट १० किलोवॅट सहज सोसते, तेवढ्यात तांबं तापत नाही. चढ पाच किलोमीटरचा असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

तर खरेदीचं माप असं: सतत ५ ते ६ किलोवॅट, दोन-तीन मिनिटं १० किलोवॅट, ३००० आरपीएमला ३५ न्यूटन-मीटर, क्षणिक १५ किलोवॅट. १० किलोवॅटला ७२ व्होल्टवर बॅटरीकडून सुमारे १६५ अँपिअर जातील, क्षणिक १५ ला २४५. कंट्रोलर ३०० अँपिअरच्या खालचा नको.

खटपट्या

वरच्या मापात फोर्कलिफ्टची मोटर चपखल बसते आणि तिचा कंट्रोलरही सर्वांत साधा. पण 'प्लेटवर ५ किलोवॅट' एवढ्यावर पैसे देऊ नका. प्लेटवर आणखी एक अक्षर असतं, ते बघा.

एस२ ६० मिनिटं लिहिलं असेल तर ती चालवायची मोटर, म्हणजे ट्रॅक्शन. ५ किलोवॅट ती तासभर देते. एस३ १५ टक्के लिहिलं असेल तर ती हायड्रॉलिक पंपाची. दहा मिनिटांत दीड मिनिट चालून बाकी वेळ थंड होण्यासाठी बनवलेली. आकडा तोच, मोटर निम्मी. भंगारात पंपाच्या मोटरी भरपूर मिळतात कारण फोर्कलिफ्टमध्ये त्याच आधी बदलल्या जातात.

बाकी तपासणी:

व्यास २०० मिलिमीटरच्या खाली नको. १७० ची मोटर ७२ व्होल्टवर पळेल, पण चढावर कम्युटेटर (कार्बन-ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) निळा पडेल.

पुढच्या बाजूला बेअरिंग आहे का ते बघा. बऱ्याच ट्रॅक्शन मोटरींना त्या बाजूला बेअरिंगच नसतं, शाफ्ट फोर्कलिफ्टच्या गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर टेकलेला असतो. अशी मोटर घेतली तर बेअरिंगसकट नवी एंड प्लेट बनवावी लागते. पंपाच्या मोटरीत शाफ्टच्या आत स्प्लाइन (दात्यांसारख्या उभ्या खाचा) असते, बाहेर काहीच नाही. तिला कपलिंग करणं जिकिरीचं.

टर्मिनल चार हवेत: आर्मेचरची (फिरणाऱ्या भागाची) दोन, फील्डची (स्थिर भागाची) दोन. दोनच असतील तर जोडणी आत झालेली आहे आणि दिशा बदलायला मोटर उघडावी लागेल.

कार्बनवरची झाकणपट्टी काढून कम्युटेटर बघा. एकसारखा चॉकलेटी रंग उत्तम. समोरासमोरच्या एक-दोन पट्ट्या जळालेल्या असतील तर मोटर अडकलेल्या अवस्थेत कोणीतरी करंट दिला आहे. नखाला पट्टी वर आलेली लागली तर सोडून द्या. पट्ट्यांमधला अभ्रक पट्टीच्या पातळीला आला असेल तर लेथवर हलका हात मारून अभ्रक खाली कोरून घेता येतो, ते चालतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. सिरीज मोटर (फील्ड आणि आर्मेचर एकामागे एक जोडलेली, फोर्कलिफ्टची जुनी डीसी बहुधा अशीच) बिनभाराची कधीही पूर्ण व्होल्टेजवर लावायची नाही. तपासायला १२ व्होल्टची गाडीची बॅटरी बस, तीही मोटर जमिनीवर बांधून. भार नसला की तिचा वेग वाढतच राहतो आणि कम्युटेटर फुटून पट्ट्या बाहेर येतात. गाडीतही तेच. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना क्लच दाबला तर दोन सेकंदांत मोटर ५००० च्या पुढे जाते. क्लच ठेवणार असाल तर आरपीएम सेन्सर लावून कंट्रोलरला मर्यादा द्या, किंवा क्लच पेडलला असा स्विच लावा जो ॲक्सिलरेटर तोडेल.

भाव करताना मोटर आधी वजन करून घ्या. भंगारवाला तांबं आणि लोखंडाच्या वजनावरच हिशोब धरतो, 'चालू' म्हणून वर किती मागतो ते तेव्हा कळतं.

अश्विनी_प

खटपट्या दादांचं तपासणीबद्दल सगळं बरोबर. पण सिरीज मोटरला उतारावर रीजन (मोटरनेच वेग रोखून वीज बॅटरीत परत देणं) नाही, आणि या गाडीचे ब्रेक आता जास्त वजन ओढणार आहेत. शिवाय कार्बनची धूळ आणि शेतातली धूळ एकाच मोटरीत. माझा कौल 'आ' ला.

रिवाइंडिंगबद्दल नीट सांगते, कारण इथे बहुतेक जण वाइंडिंगवाल्याला "७२ व्होल्टची करून दे" एवढंच सांगतात आणि मोटर वाया जाते.

७.५ किलोवॅट, ४ पोल, १४४० आरपीएम, फ्रेम (मोटरच्या बॉडीचं प्रमाणित माप) १३२. तिचा टॉर्क ५० न्यूटन-मीटर. हा टॉर्क लोखंड आणि तांब्यावर ठरतो, व्होल्टेजवर नाही. ती १०० हर्ट्झवर, म्हणजे २९०० च्या आसपास चालवली की तोच टॉर्क दुप्पट वेगाने मिळतो आणि पॉवर १५ किलोवॅट होते. मेगर साहेबांनी दिलेल्या मापात ती आरामात बसते.

आता वेढे. ४१५ व्होल्ट भागिले ५० हर्ट्झ म्हणजे ८.३. आपल्याकडे ७२ ची बॅटरी भाराखाली ६८ पर्यंत उतरते, त्यातून कंट्रोलर जास्तीत जास्त ४८ व्होल्ट एसी बनवतो. ४८ भागिले १०० म्हणजे ०.४८. दोन्हींचं गुणोत्तर १७. म्हणजे परिणामी वेढे १७ पट कमी हवेत.

समजा मूळ कॉइलला ३४ वेढे आहेत आणि प्रत्येक फेजचे चार गट एकामागे एक जोडलेले आहेत. सरळ भागाकाराने २ वेढे येतात. दोन वेढ्यांसाठी तारांचा इतका जाड जुडगा लागतो की स्लॉटमध्ये बसवताना इनॅमल सोलतं. त्याऐवजी दोन थरांचं वाइंडिंग करून चारही गट समांतर जोडा. चार पट तिथेच कमी झाले. मग कॉइलला ८ वेढे पुरतात: ३४ भागिले ८ गुणिले ४, बरोबर १७. डेल्टा असेल तर डेल्टाच ठेवा. तुमच्या मोटरीत ३४ नसतील, म्हणून जुनं वाइंडिंग कापताना वेढे, तारेचा गेज, पिच आणि जोडणी लिहून घ्यायला सांगा. ते एकदा भंगारात गेलं की अंदाजाने काम होतं.

वाइंडिंगवाल्याला आणखी चार गोष्टी सांगायच्या. इनॅमलची तार आणि स्लॉटचा कागद क्लास एच चा (जास्त तापमान सोसणारा). तीन फेजच्या डोक्यांमध्ये (कॉइलच्या स्लॉटबाहेरच्या भागांमध्ये) कागद न विसरता. वार्निश बुडवून भट्टीत भाजलेलं, ब्रशने लावलेलं नको, कारण गाडीच्या थरथरीने सैल तारा एकमेकींवर घासतात. आणि एका फेजच्या डोक्यात तापमानाचा सेन्सर पुरायचा. सेन्सर कोणता ते कंट्रोलरच्या पुस्तकात बघून आधी घ्या. काही केटीवाय८४ मागतात, काही पीटी१०००, काही १० किलो-ओहमचा एनटीसी.

मागचा पंखा काढून टाका. चढावर मोटर हळू आणि करंट जास्त, तेव्हा शाफ्टवरचा पंखा काहीच हवा देत नाही, आणि ३५०० ला नुसता आवाज करतो. १२ व्होल्टचा वेगळा ब्लोअर मागून बसवा. १० किलोवॅट देताना मोटरीत सुमारे १.८ किलोवॅट उष्णता तयार होते, जवळपास बाथरूमच्या गिझरइतकी.

एन्कोडर विसरू नका. लो-व्होल्टेज एसी कंट्रोलरला शाफ्टचा वेग कळावाच लागतो. या फ्रेमला सहसा ६२०८ बेअरिंग असतं आणि त्याच मापात सेन्सर बसवलेलं बेअरिंग मिळतं. मागच्या कव्हरला थोडं मशिनिंग लागतं. फेऱ्याला किती पल्स तो आकडा कंट्रोलरमध्ये अचूक टाकायचा. चुकला की मोटर धक्के देते आणि माणसं वाइंडिंगला दोष देतात.

विद्युत्_रथ

अश्विनी ताई, उत्तम. मग मोटर मूळ व्होल्टेजवरच ठेवून कारखान्यातला साधा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वापरला तर? रिवाइंडिंगच वाचेल.

अश्विनी_प

त्याला ५५० व्होल्टच्या आसपास डीसी लागेल. डेल्टात २३० व्होल्टसाठी वाइंड केलेली मोटर घेतली तरी ३२५. एवढ्या व्होल्टेजचा डीसी आर्क आपोआप विझत नाही, त्यासाठी वेगळे कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटचे रिलेसारखे स्विच), वेगळे फ्यूज, इन्सुलेशन मॉनिटर, केशरी केबल आणि सर्व्हिस डिस्कनेक्ट लागतो. घरी बांधायच्या पहिल्या गाडीत नको. ७२ व्होल्टही निष्काळजीपणे हाताळायचे नाहीत: २०० अँपिअर देऊ शकणाऱ्या बॅटरीवर पाना पडला तर तो वितळतो.

घाटवाट

तुमच्या यादीत नसलेला चौथा पर्याय सुचवतो आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला आहे. ७२ व्होल्टच्या फॅक्टरी गाड्या भारतात येऊन गेल्या आहेत. सुरुवातीची टिगोर ईव्ही: ७२ व्होल्ट, थ्री-फेज इंडक्शन ('आ' मधल्यासारखीच), ३० किलोवॅट, १०५ न्यूटन-मीटर. महिंद्रा ई-व्हेरिटो: तीही ७२ व्होल्ट, ३० च्या आसपास किलोवॅट, ९१ न्यूटन-मीटर. ई२ओ, २०१३ ची: ४८ व्होल्ट, १९ किलोवॅट, ५३ न्यूटन-मीटर. ईईएसएल या सरकारी कंपनीच्या २०१७ च्या मोठ्या निविदेतून टिगोर आणि ई-व्हेरिटो सरकारी खात्यांत गेल्या. अशा गाड्या आता मोडीत निघतात, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात किंवा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून.

बॅटरी मेलेली असल्यामुळे गाडी भंगारात जाते, पण इंडक्शन मोटरीत खराब होण्यासारखं बेअरिंग आणि सेन्सर सोडून काही नसतं. चुंबक नाही, कार्बन नाही. ३० किलोवॅटची मोटर ५ किलोवॅटवर चालवली तर ती फारशी तापत नाही.

अट एकच. मोटर एकटी घेऊ नका. मोटर, तिचा कंट्रोलर, दोघांमधली सेन्सरची वायर कनेक्टरसकट, ॲक्सिलरेटर पेडल, मेन कॉन्टॅक्टर, आणि शक्य असेल तर गाडीचा मुख्य कंट्रोल युनिट. स्क्रॅपवाला वायरिंग कटरने तोडतो, त्याआधी पोचा. कंट्रोलरला गाडीकडून कॅनवर (गाडीतल्या युनिटांमधल्या डेटाच्या तारांवर) ठरावीक संदेश आले नाहीत तर तो जागा होतो, दिवा लावतो आणि काहीच करत नाही. युनिट मिळालं नाही तर मूळ कंट्रोलर विसरून त्या मोटरला बाजारातला सर्वसाधारण एसी कंट्रोलर लावा. त्यात मोटर ओळखून घेण्याची चाचणी असते: चाकं वर उचलून ती एकदा चालवली की स्लिप वगैरे आकडे तो स्वतः काढतो.

या मोटरी सिंगल-स्पीड गिअरबॉक्सला जोडलेल्या असतात, शाफ्टवर स्प्लाइन असते. तो गिअरबॉक्सही मागून घ्या. नाहीतर निदान त्याचा इनपुट शाफ्ट तरी. स्प्लाइनची मादी बाजू नव्याने कापून घेण्यापेक्षा त्या शाफ्टचा तुकडा वापरणं सोपं.

खटपट्या

घाटवाट, मोटर छान आहे, पण १०५ न्यूटन-मीटर ८०० च्या गिअरबॉक्समध्ये? मूळ इंजिन ६० सुद्धा देत नाही.

घाटवाट

बरोबर मुद्दा. कंट्रोलरमध्ये कमाल करंट असा बांधायचा की टॉर्क ५५ च्या पुढे जाणार नाही. आणि टॉर्क चढण्याचा वेळ अर्ध्या सेकंदावर ठेवायचा. मोटरचा झटका इंजिनापेक्षा तीव्र असतो, ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट आधी जातात, मग गिअरचे दात.

मेगर_५००

'इ' बद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. बीएलडीसी किंवा पीएमएसएम (तीही चुंबकाचीच मोटर) किट हलकं असतं, कार्यक्षम असतं. अडचण किटमध्ये नाही, त्याच्या कागदात असते. '१० किलोवॅट' सतत की क्षणिक ते लिहिलेलं नसतं. विक्रेत्याकडे चाचणीचा तक्ता मागा: व्होल्ट, अँपिअर, न्यूटन-मीटर, आरपीएम, किती मिनिटं. मग स्वतः पडताळा. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५५० बरोबर किलोवॅट. '१० किलोवॅट, ३००० आरपीएम' म्हणणारा २० न्यूटन-मीटर लिहीत असेल तर ती ६ किलोवॅटची मोटर आहे.

दुसरी गोष्ट फक्त गिअरबॉक्सवाल्या गाड्यांना लागू, म्हणून किटच्या पुस्तकात नसते. चुंबकाची मोटर फिरते तेव्हा ती जनरेटरही असते. समजा तिचा आकडा व्होल्टला ५० आरपीएम. उतारावर ताशी ६० ने येताना कोणी चुकून दुसरा गिअर टाकला तर मोटर ६००० वर जाते आणि १२० व्होल्ट तयार करते. ७२ च्या कंट्रोलरमधले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) सहसा १०० व्होल्टचे. ॲक्सिलरेटर सोडलेला असला तरी ते जातात. इंडक्शन मोटरला हा धोका जवळपास नाही. तरीही किटच घ्यायचं असेल तर गिअर लिव्हर दुसऱ्या-तिसऱ्यापुरता अडवा आणि कमाल आरपीएमला जेवढे व्होल्ट बनतात त्याच्या वरचा कंट्रोलर निवडा.

चुंबकाचा दर्जाही विचारा. एसएच दर्जा १५० अंशापर्यंत टिकतो, एच १२० पर्यंत, साधा एन ८० लाच ताकद गमवायला लागतो. चढावर एकदा तापवून चुंबक उतरले की मोटर परत पूर्वीची होत नाही.

आणि बॅटरी ठरवण्याआधी कंट्रोलरची वरची मर्यादा बघा. एलएफपीचे २४ सेल म्हणजे नाममात्र ७६.८, पण चार्ज पूर्ण झाला की ८७.६ व्होल्ट. बरेच '७२ चे' कंट्रोलर ८४ च्या हिशोबाने बनवलेले असतात. सकाळी फुल चार्ज करून चावी फिरवली की ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद, किंवा रीजनच्या पहिल्या झटक्यात फेल. अशा ठिकाणी २३ सेल घ्या, ८४ च्या आत राहाल.

नील_बर्मिंगहॅम

इकडे ब्रिटनमध्ये सगळे निसान लीफची मोटर वापरतात, अपघातातल्या गाड्यांतून सुटी मिळते: ८० किलोवॅट, आणि मूळ इन्व्हर्टरच्या आत बसवायचे ओपन-सोर्स बोर्डही आहेत. पण ती ३६० व्होल्टच्या बॅटरीची यंत्रणा आहे. भारतात लीफ विकलीच गेली नाही, त्यामुळे इथले व्हिडिओ बघून ती मागवण्याच्या फंदात पडू नका. सुटा भाग, बोर्ड, कनेक्टर, काहीच तिकडे बदलून मिळणार नाही. घाटवाट यांचा मार्ग म्हणजे हीच पद्धत, तिकडच्या गाड्यांनी.

उद्यमनगर_लेथ

मोटर कोणतीही घ्या, ती बसवताना जे चुकतं ते सगळीकडे सारखंच. कोल्हापुरात अशी कामं लेथवर येतात, म्हणून मापं देतो.

अडॅप्टर प्लेट अल्युमिनियमची, ६०६१ किंवा ६०८२, जाडी १६ मिलिमीटर. १० ची वाकते. मधे रिंग लागेल, क्लच ठेवणार असाल तर तिची लांबी अशी काढायची: इंजिन उतरवण्यापूर्वी नसेल मोजलं तर आता इंजिन बाहेर ठेवून मोजा. इंजिनाच्या मागच्या फेसपासून फ्लायव्हीलचा क्लच प्लेट टेकतो तो फेस किती पुढे आहे. मोटरवर फ्लायव्हील बसवलं की हेच अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत यायला हवं. कमी-जास्त झालं तर क्लच सुटत नाही किंवा धरत नाही.

सेंटरिंग बोल्टच्या भोकांवर करू नका. क्लच काढून थेट जोडणार असाल तर जुन्या क्लच प्लेटमधला स्प्लाइनचा हब कापून घ्या आणि तो मोटरच्या कपलिंगमध्ये बसवा. वेल्ड करायचा असेल तर आत जुना इनपुट शाफ्ट घालून, चार ठिकाणी टाके मारून, थंड होऊ देत. एकदम गोल वेल्ड मारला की हब तिरका होतो. मग गिअरबॉक्स तोंड वर करून ठेवा, कपलिंग इनपुट शाफ्टवर बसवा, त्यावर डायल गेज लावून प्लेटच्या बोअरवर फिरवा. ०.१ मिलिमीटरच्या आत आलं की बोल्ट आवळा, आणि मगच डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) दोन भोकं ड्रिल-रीमर करा. नंतर कितीदाही उघडा, तिथेच बसेल.

इनपुट शाफ्टचं टोक मूळ गाडीत क्रँकमधल्या बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं. मोटरच्या कपलिंगमध्ये ती जागा बोअर करून ब्राँझचा बुश बसवा. हे सोडलं की टोक थरथरतं, आधी गिअरबॉक्सचं ऑइल सील गळतं, मग पुढचं बेअरिंग आवाज करतं, आणि सगळे मोटरला नावं ठेवतात.

१३२ फ्रेमला ३८ मिलिमीटरचा शाफ्ट आणि १० ची चावी (शाफ्टच्या खाचेत बसून कपलिंग अडवणारा लोखंडी तुकडा). नुसत्या चावीवर कपलिंग ठेवू नका. रीजनमध्ये टॉर्क उलट-सुलट होतो आणि कीवे (चावीची खाच) महिन्यागणिक रुंद होत जातो. टेपर लॉक बुश वापरा, २०१२ साइज ३८ ला मिळतो, चावीसकट. आणि मोटर बी५ फ्लँजची मागा, पायाची नको. त्या फ्लँजचा २३० मिलिमीटरचा स्पिगॉट (उंचवट्याची गोल कड) प्लेटला नेमकं सेंटर देतो. फक्त पायाची मिळाली तर पुढचं कव्हर बदलून मिळतं.

मोटरचं मागचं टोक लोंबकळत ठेवायचं नाही. प्लेटवर सगळं वजन आलं तर गिअरबॉक्सचं केसिंग तडकतं. मागे एक ब्रॅकेट, रबर माउंटवर. इंजिनाचेच माउंट वापरता येतात.

नियमावली

विद्युत्_रथ यांनी खाजगी रस्ता लिहिलंय म्हणून चालेल, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल मंजुरीशिवाय करून रस्त्यावर नेता येत नाही. रस्त्यावर चालवायचं असेल तर एआयएस-१२३ या वाहन-मानकाखाली एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मान्यता मिळालेलं किट, किट बनवणाऱ्याने अधिकृत केलेल्या जागी बसवून, आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. भंगारातली मोटर कितीही उत्तम असो, त्या मार्गात बसत नाही. तेव्हा आधी गाडी कुठे चालवायची ते ठरवा, मग मोटर शोधा.

विद्युत्_रथ

सगळ्यांचे आभार. घाटवाट यांनी सांगितलेला ७२ व्होल्टचा संच आधी शोधतो. दोन ठिकाणी चौकशी सुरू केली आहे. तो कंट्रोलरसकट मिळाला नाही तर बी५ फ्लँजची मोटर घेऊन ताईंच्या पद्धतीने रिवाइंड. भंगाराच्या अड्ड्यावर बॅटरी नसताना इंडक्शन मोटर कशी तपासू? साधा मल्टिमीटर पुरेल का?

अश्विनी_प

मल्टिमीटर पुरणार नाही. ७२ व्होल्टच्या मोटरीचा फेजचा रेझिस्टन्स काही मिलि-ओहम असतो, मीटर शून्यच दाखवेल आणि जळालेली मोटरही शून्यच दाखवेल.

सोबत न्या: १२ व्होल्टची बॅटरी, हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन बल्ब, मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर). दोन्ही बल्ब समांतर जोडून ते मोटरच्या दोन टर्मिनलशी सिरीजमध्ये टाका. ८-९ अँपिअर जातील. मोटरच्या टर्मिनलवरचे मिलिव्होल्ट मोजा, बल्बच्या क्लिपवरचे नाही. तिन्ही जोड्यांत हेच करा. तीनही आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत हवेत. एक कमी असेल तर तिथे वेढे आपसात शॉर्ट आहेत. मोटर घेऊ नका.

मेगर टर्मिनल ते बॉडी. १ मेगाओहमच्या खाली असेल तर ओल किंवा घाण आहे. ८०-९० अंशावर वाळवून बरेचदा वर येतो, तेवढ्यावरून नाकारू नका, पण भाव कमी करा. मेगर मारण्याआधी एन्कोडरची आणि तापमानाची वायर सोडवा, नाहीतर सेन्सर तिथेच जाईल. टर्मिनल ते टर्मिनल मेगर मारायचा नाही, तिथे तो काही सांगत नाही.

शाफ्ट हाताने फिरवा: खरखर आली तर बेअरिंग, ते बदलता येतं. वर-खाली हलला तर मागच्या बेअरिंगची जागा झिजली आहे, तिथे स्लीव्ह टाकावी लागेल. मागचं कव्हर काढून सेन्सरच्या भोवती गाळ दिसला तर मोटर पाण्यात होती. वाइंडिंग वाचतं, सेन्सर वाचत नाही, त्याचा खर्च धरून बोला.

खटपट्या

आणि घरी आल्यावर पहिल्यांदा लावताना: दोन्ही पुढची चाकं जॅकवर, गिअर तिसरा, कंट्रोलरमध्ये कमाल करंट ५० अँपिअरवर. मेन कॉन्टॅक्टरच्या टोकांवर प्रीचार्जचा (कंट्रोलरमधले कपॅसिटर आधी हळू भरणारा) रेझिस्टर लावलेला हवा. नाहीतर पहिल्या चावीलाच कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात. ७२ ला १०० ओहम, २५ वॅट ठीक, पाच सेकंदांनी कॉन्टॅक्टर ओढा. चाकं उलटी फिरली तर बॅटरी तोडून फेजच्या कोणत्याही दोन केबल अदलाबदल करा आणि एन्कोडरच्या ए-बी वायरी देखील. फक्त केबल बदलल्या आणि एन्कोडर तसाच राहिला तर मोटर जागच्या जागी थरथरेल आणि करंट मर्यादेला टेकेल. तशी थरथर दिसली की लगेच बंद करा, तापमानाचा सेन्सर बघत बसू नका.